पेंव उघडतांना

कोऱ्हाळे बुद्रुक येथील कुटुंबप्रमुखांस आमची विनंती आहे कीं, टंचाईच्या घाईनें जुन्या पेंवांत कोणी एकदम उतरूं नये. निरेच्या डाव्या कालव्याचा पाझर लागला म्हणजे आंतील ज्वारी ओलावून बुरशी धरते. प्राणवायु सरतो व हवेहून जड असा कर्बवायु तळाशीं सांचतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. दोरानें सोडलेला कंदील विझला तर उतरूंच नये. जळत राहिला तरी तेवढ्यावर भरंवसा नको, आधीं पंख्यानें तळापर्यंत हवा खेळवावी. उतरणाराच्या अंगास दोर बांधून वर दोघे धडधाकट गडी ठेवावेत. एक भाऊ निपचित पडला कीं दुसरा त्याच्यामागें उडी घेतो, आणि एकाच उंबऱ्यांतून दोन तिरड्या निघतात! तोंवरची ज्वारी आमच्याकडून न्यावी. दात्यांनीं धान्याबरोबर दोर व पंखेही पाठवावेत.