वेग वाढवावा, पण खोलीचे तापमान पाहून

ग्राफिक्स कार्डावरील मुख्य चिप ज्या ठोक्यांवर चालते ते मेगाहर्ट्झमध्ये, म्हणजे सेकंदाला दहा लाख ठोके या एककात, मोजले जातात आणि उत्पादकाने ठरवून दिलेल्या मर्यादेपलीकडे हे ठोके वाढवण्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. ते कितपत सुरक्षित ठरेल, हे कार्डाइतकेच ते ज्या खोलीत चालते त्या खोलीवरही अवलंबून असते. कारण पंखे आणि हीटसिंक, म्हणजे उष्णता वाहून नेणाऱ्या धातूच्या पात्यांची जुडी, चिपला भोवतालच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाहीत, ते दोहोंतील फरक आटोक्यात ठेवतात एवढेच. खोली दहा अंशांनी अधिक तापलेली असेल, तर त्याच भारावर आणि पंख्यांच्या त्याच गतीवर चिपही जवळपास दहा अंशांनी अधिक तापते.

मुंबईत मे महिन्याचे सरासरी कमाल तापमान ३३ ते ३४ अंश सेल्सिअस असते, त्यामुळे २०-२२ अंशांच्या खोलीत घेतलेल्या परदेशी चाचण्यांचे आकडे तिथल्या परळ भागात जसेच्या तसे लागू पडत नाहीत. त्यात जागेच्या टंचाईची भर पडते. परळच्या ना. म. जोशी मार्गावर १९२० च्या दशकात उभ्या राहिलेल्या बीडीडी चाळींतील खोली १६० चौरस फुटांची. तिची उंची १० फूट धरली, तर तिच्यात सुमारे ४५ घनमीटर, म्हणजे साधारण ५२ किलो हवा असते. ३०० वॅट वीज घेणारा संगणक ती जवळजवळ सगळी वीज अखेर उष्णतेच्या रूपाने खोलीत सोडतो आणि दारे-खिडक्या बंद असून भिंतींनी काहीच शोषले नाही असे मानले, तर एवढी हवा एका अंशाने तापायला जेमतेम तीन मिनिटे लागतात. प्रत्यक्षात भिंती आणि वारा ही वाढ पुष्कळ कमी करतात. तरी बंद खोलीत कार्डाने बाहेर टाकलेली ऊब पुन्हा त्याच्याच पंख्यांकडे परतते.

व्होल्टेजचा हिशेब

काम करताना चिप जी वीज खर्च करते, तिचा मोठा भाग ठोक्यांच्या सरळ प्रमाणात, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ठोके आणि व्होल्टेज दोन्ही ५ टक्क्यांनी वाढवले, तर हा खर्च सुमारे १६ टक्क्यांनी वाढतो. उलट व्होल्टेज १.०५ व्होल्टवरून ०.९५ व्होल्टवर आणून ठोके ५ टक्क्यांनी वाढवता आले, तर तोच खर्च सुमारे १४ टक्क्यांनी घटतो. ठोके कायम ठेवून किंवा किंचित वाढवून व्होल्टेज उतरवण्याच्या या पद्धतीला अंडरव्होल्टिंग म्हणतात. प्रत्येक चिप इतकी सवलत देईलच असे नाही, परंतु उत्पादक सर्व चिपांना पुरेल असे व्होल्टेज ठरवत असल्याने अनेक कार्डांत थोडी तरी जागा शिल्लक असते.

नुसता वेग वाढवण्याचा लाभ टिकत नाही, याचे कारण कार्डाच्या स्वसंरक्षणात आहे. एनव्हिडियाने २०१२ मध्ये जीटीएक्स ६८० या कार्डासोबत आणलेल्या जीपीयू बूस्ट या यंत्रणेपासून चिप आपले तापमान आणि वीजवापर पाहून ठोके आपोआप कमी-जास्त करू लागली. त्याच कंपनीच्या आरटीएक्स ३०६० या कार्डासाठी तापमानाची कमाल मर्यादा ९३ अंशांची आहे. मात्र ठोके तिच्या बरेच आधीपासून टप्प्याटप्प्याने उतरू लागतात. शिवाय अधिक तापमान आणि अधिक व्होल्टेज एकत्र आले, की चिपमधील सूक्ष्म तारांतील धातूचे अणू विद्युतप्रवाहाबरोबर सरकण्याची क्रिया वेग घेते आणि चिपचे आयुष्य घटते.

क्रम आणि काळजी

म्हणून आधी मूळ स्थितीत अर्धा तास भारी खेळ किंवा चाचणी चालवून एमएसआय आफ्टरबर्नरसारख्या साधनात चिपचे तापमान, तिच्यावरील सर्वांत तप्त बिंदूचे तापमान, वीजवापर आणि ठोके नोंदवावेत. त्यानंतर व्होल्टेज थोडे थोडे उतरवावे, मग ठोके १५ मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी वाढवावेत आणि कार्डावरील मेमरीला अखेरीस हात लावावा. पडद्यावर रंगीत ठिपके उमटले, खेळ बंद पडला किंवा ड्रायव्हर नव्याने सुरू झाला, की एक-दोन पायऱ्या मागे यावे. मेमरीच्या बाबतीत वेगही तपासावा लागतो. कारण काही प्रकारच्या मेमरीत चुकलेली माहिती पुन्हा पाठवली जाते आणि ठोके वाढूनही काम मंदावते. अखेरची चाचणी एसी बंद ठेवून, उन्हाळ्यातल्या दुपारी घेतलेली बरी.

परळमध्ये टॉवरांच्या बांधकामाची धूळ आणि पावसाळ्यातील दमटपणा मिळून हीटसिंकच्या पात्यांत चिकट थर बसतो, तेव्हा कॅबिनेट नियमित साफ करणे आणि हवा आत येण्याची व बाहेर जाण्याची वाट मोकळी ठेवणे आवश्यक ठरते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील बाजारात सहज मिळणारी थर्मल पेस्ट, म्हणजे चिप आणि हीटसिंक यांच्यामधील बारीक फटी भरणारा लेप, वाळली असल्यास बदलता येते. मात्र कार्ड उघडण्यापूर्वी वॉरंटीच्या अटी वाचाव्यात. मदरबोर्डच्या खाचेतून कार्डाला ७५ वॅटपर्यंत आणि आठ पिनांच्या एका जोडणीतून १५० वॅटपर्यंत वीज घेता येते, त्यामुळे वीजमर्यादा वाढवण्याआधी एसएमपीएसची, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या भागाची, क्षमताही पाहावी लागते. बर्फाचे पाणी फिरवून कार्ड थंड करण्याचा मोह मुंबईच्या दमट हवेत टाळलेलाच बरा, कारण दवबिंदूखाली गेलेल्या नळ्यांवर पाणी साचून ते सर्किटवर ठिबकू शकते.

पाच-सात टक्क्यांचा वेग मिळवण्यासाठी वीस टक्के अधिक वीज आणि तितकीच अधिक उष्णता खोलीत आणणे परळच्या घरात व्यवहार्य नाही. व्होल्टेज उतरवून मिळालेला थोडा वेग तेथे अधिक काळ टिकतो आणि विजेच्या बिलावरही भार टाकत नाही.