घरचा मामला, गावाचं काम

कोजागरीच्या आसपास सोलापूरहून तुळजापूरकडे जाणारा रस्ता माणसांनी फुलून जातो. हजारो भाविक देवीच्या दर्शनाला पायी निघतात. वाटेत आमची तामलवाडी लागते. त्या दिवसांत रस्त्याकडेला कुणी चहा देतं, कुणी केळी, कुणी पाण्याचा पेला पुढे करतं. कोण कुठला, कोणत्या जातीचा, असं कुणी विचारत नाही. चालणाऱ्याचे पाय दुखताहेत, एवढं कारण पुरतं.

आता दुसरी एखादी रात्र घ्या. शेजारच्या घरात भांडं आपटतं. बाई ओरडते, मूल रडायला लागतं. गल्लीत सगळ्यांना ऐकू येतं. पण दारं लोटली जातात आणि दूरदर्शनचा आवाज वाढतो. "नवरा-बायकोचं भांडण, आपण कशाला मधे पडायचं?" हे काही एका गावाचं वर्णन नाही. तुमच्या गावात, शहरातल्या तुमच्या सोसायटीतही हेच घडतं. अनोळखी पायांची काळजी घेणारे आपण ओळखीच्या पाठीवरचे वळ 'घरचा मामला' म्हणून सोडून देतो. या मामल्यात गावानं कधी पडावं, कसं पडावं आणि कसं पडू नये, याबद्दल आज थोडं बोलू.

आधी मामला केवढा आहे ते पाहू. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या लग्न झालेल्या स्त्रियांपैकी साधारण चौघींत एकीनं नवऱ्याकडून मारहाण किंवा लैंगिक जबरदस्ती सोसल्याचं सांगितलं. त्याच पाहणीतला देशाचा दुसरा आकडा मला जास्त बोचतो. हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी ७७ टक्के जणींनी कुणाकडे मदत मागितली नाही आणि कुणाला सांगितलंही नाही. मदत मागणाऱ्या होत्या फक्त १४ टक्के. म्हणजे बाई येईल, तक्रार करील, मग आपण पाहू, असं म्हणत बसलो तर बहुतेक जणी येणारच नाहीत. त्यांच्यापर्यंत कुणीतरी जावं लागतं, आणि सगळ्यांत जवळ असतो तो शेजारी.

माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत एक म्हातारी होती. सगळे तिला खाला म्हणत, हिंदू घरांतली माणसंसुद्धा. एखाद्या घरातून आरडाओरडा आला की ती हातात वाटी घेऊन त्या दारात उभी राही. "सूनबाई, वाटीभर पीठ दे गं." आतून नवरा ओरडे, "खाला, उद्या ये!" ती म्हणे, "उद्या कशाला? भाकरी आत्ताच थापायची हाय." आणि उंबऱ्यावर बसकण मारी. पीठ मिळालं तरी उठत नसे. तेवढ्यात त्या माणसाचा हात खाली आलेला असे. खालाला लिहितावाचता येत नव्हतं. पण मारणाऱ्याला कुणी पाहत असलं की त्याचा जोर ओसरतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

पुढे २००८ साली 'बेल बजाओ' नावाची मोहीम आली. दूरदर्शनवर तिच्या जाहिराती लागायच्या. शेजारचा माणूस किंवा मुलगा मारहाणीचा आवाज ऐकून घंटी वाजवतो आणि काहीतरी किरकोळ मागतो. युक्ती खालाचीच. ती करताना थोडी सावधगिरी हवी. एकट्यानं जाऊ नये, दोघातिघांनी जावं. दारात भाषण करू नये, बाईची बाजू मांडत भांडू नये, कारण आपण परतल्यावर त्याचा राग तिच्यावरच निघतो. निमित्त काढावं, वेळ काढावा, मुलांना बाहेर घ्यावं. हत्यार असेल, जिवाला धोका दिसत असेल तर सरळ ११२ या क्रमांकावर पोलिसांना बोलवावं. स्त्रियांसाठी १८१ ही मदतवाहिनी आहे.

"पण आम्ही कळवलं तर आमच्याच मागे लचांड लागेल," असं पुष्कळांना वाटतं. कायदा याच्या उलट सांगतो. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचं संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याच्या चौथ्या कलमानुसार कुणीही माणूस संरक्षण अधिकाऱ्याला माहिती देऊ शकतो. प्रामाणिकपणे दिलेल्या माहितीबद्दल त्याच्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. सतरावं कलम सांगतं की घर बाईच्या नावावर नसलं तरी ती ज्या घरात नांदते तिथे राहण्याचा तिला हक्क आहे. आणि हा कायदा धर्म विचारत नाही. साताजन्माच्या गाठी बांधलेली असो की निकाह झालेली, दोघींना तो सारखाच आहे.

आता गावानं कसं पडू नये ते. महाराष्ट्रात २००७ साली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. बांधाचे, वाटणीचे, पाण्याचे तंटे गावातच मिटावेत, कोर्टाचे हेलपाटे वाचावेत, हा हेतू चांगलाच होता. पण बांधाचा तंटा दोन बरोबरीच्या माणसांत असतो. मार खाणारी बाई आणि मारणारा नवरा बरोबरीचे नसतात. चावडीवर नवरा, सासरा, दीर आणि गावातले मानकरी बसलेत; समोर डोक्यावर पदर घेऊन ती उभी आहे. "काय बाई, नांदायला तयार आहेस ना?" या प्रश्नाला ती 'नाही' कशी म्हणेल? कागदावर समझोता होतो, गावाची अब्रू राहते, आणि बाई त्याच घरात परत जाते. जमातीच्या बैठकीतही यापेक्षा वेगळं घडत नाही. मारहाण थांबली का, हे पाहायला महिन्याभरानं कुणी जात नाही.

म्हणून पहिला नियम असा, की तिच्याशी एकटीशी, बायकांनी बोलावं. तिला काय हवंय ते तिनंच ठरवावं. नांदायचं असेल तर मारहाण होणार नाही याची जबाबदारी कुणाची, ते ठरावं आणि मंडळींनी पुन्हा पुन्हा घरी जाऊन पाहावं. बाहेर पडायचं असेल तर आधार कार्ड, रेशनकार्ड, लग्नाचा पुरावा अशी कागदं भरवशाच्या घरी ठेवायला मदत करावी. आणि जाळणं, बलात्कार, जीव घेण्याचा प्रयत्न असल्या गोष्टींत पंचांनी हात घालू नये. ते काम पोलीस आणि कोर्टाचं.

गाव मनावर घेतं तेव्हा काय होतं, याचा दाखला कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडनं दिला. नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचं, मंगळसूत्र तोडायचं, हीसुद्धा हिंसाच. मे २०२२ मध्ये हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर गावांनी हा कित्ता गिरवावा असं सुचवलं. ठरावानं शतकांची सवय एका दिवसात जात नाही. पण बांगड्या फोडायला नकार देणाऱ्या सुनेच्या पाठीशी गावाचा कागद उभा राहतो.

असाच दुसरा कागद म्हणजे घराचा नमुना आठ. त्यावर नवऱ्याबरोबर बायकोचं नाव लावावं, असं राज्य सरकारनं २००३ सालीच सांगितलं. याचा मारहाणीशी काय संबंध? प्रदीप पांडा आणि बीना अग्रवाल यांनी केरळातल्या तिरुवनंतपुरम जिल्ह्यात केलेला अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. नावावर जमीन किंवा घर काहीच नसलेल्या बायकांपैकी ४९ टक्के जणींनी नवऱ्याचा मार खाल्ला होता. दोन्ही नावावर असलेल्यांत हे प्रमाण ७ टक्के होतं. आकडे एका जिल्ह्याचे आहेत, पण कारण कुठल्याही गावात समजेल असं आहे. "नीघ माझ्या घरातून" ही धमकी जिला लागू पडत नाही, तिच्यावर हात उचलताना माणूस विचार करतो.

आपल्या राज्यात ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते. अनेक गावांत ती रजिस्टरात उरकली जाते. ती खरोखर भरवा आणि तिथे तीन गोष्टी ठरवा. रात्री हाक आली तर कोणत्या गल्लीतून कोण जाणार, त्यांची नावं. संरक्षण अधिकाऱ्याचा आणि पोलीस ठाण्याचा क्रमांक अंगणवाडीच्या भिंतीवर, मोठ्या अक्षरांत. आणि ज्या घरांच्या नमुना आठवर बाईचं नाव नाही, त्या घरांची यादी. यातल्या कशालाही निधी लागत नाही. पुढची महिला सभा कधी आहे, एवढं ग्रामपंचायत अधिकाऱ्याला उद्या विचारा.