डाल्मेशियनचा मुतखडा आणि 100 टक्क्यांचा पेच

बहुतेक जातींच्या कुत्र्यांच्या लघवीतून दिवसाला साधारण 10 ते 60 मिलिग्रॅम युरिक आम्ल बाहेर पडतं. डाल्मेशियनच्या बाबतीत हाच आकडा 400 ते 600 मिलिग्रॅमवर जातो. इतकं आम्ल लघवीत पूर्ण विरघळत नाही, त्याचे खडे होतात. सगळ्यांनाच मुतखड्याचा त्रास होतो असं नाही. पण नराचा मूत्रमार्ग अरुंद असतो. तिथं खडा अडकला, लघवी तुंबली, की जिवावर बेततं.

हा दोष आनुवंशिक आणि अप्रभावी आहे, म्हणजे आई आणि बाप दोघांकडूनही सदोष प्रत आली तरच तो दिसतो. संकराच्या प्रयोगांतून हे 1938 मध्येच मांडलं गेलं होतं. बिघडलेलं जनुक नेमकं कोणतं, हे मात्र 2008 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी दाखवलं: एसएलसी2ए9. युरिक आम्ल पेशीत नेणारं प्रथिन या जनुकावरून बनतं. डाल्मेशियनच्या यकृतात आम्लाचं विघटन करणारं विकर असतंच, पण आम्ल त्याच्यापर्यंत पोचत नाही. मूत्रपिंडही ते पुरेसं परत शोषून घेत नाही.

आता टक्केवारीकडे येऊ. समजा, एखाद्या जातीत अशा जनुकाच्या दर 100 प्रतींमागे 10 सदोष आहेत. यादृच्छिक वीण धरली तर 1 टक्का कुत्री बाधित, 18 टक्के नुसती वाहक (एकच सदोष प्रत असलेली) आणि 81 टक्के पूर्ण निर्दोष निघतील. चाचणी करायची, सदोष प्रत असलेल्या दोघांची जोडी टाळायची. पुढच्या पिढीत आजार दिसणारच नाही. शुद्ध वंशावळीच्या डाल्मेशियनमध्ये मात्र सदोष प्रतींचं प्रमाण 100 टक्के होतं. निवडायला निर्दोष कुत्रा उरलाच नव्हता. ठळक, रेखीव ठिपक्यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या निवडीबरोबर हा दोष पक्का झाला असावा, असा अनेक अभ्यासकांचा तर्क आहे.

बाहेरचं रक्त आणण्यावाचून उपाय नव्हता. अमेरिकेतले जनुकशास्त्रज्ञ रॉबर्ट शायबल यांनी 1973 मध्ये पॉइंटर जातीच्या एका कुत्र्याशी डाल्मेशियनची एकदाच वीण घडवली. त्यानंतर दर पिढीत निर्दोष प्रत असलेलं पिल्लू निवडायचं आणि त्याची वीण पुन्हा शुद्ध डाल्मेशियनशीच लावायची, असा क्रम ठेवला. प्रत्येक वेळी सरासरी निम्मी पिल्लं निर्दोष प्रत घेऊन येतात आणि पॉइंटरचा वाटा निम्म्यावर येतो: 50, 25, 12.5, 6.25, पाचव्या पिढीत 3 टक्क्यांच्या घरात, दहाव्या पिढीत 0.1 टक्क्याच्या आसपास. (हा सरासरीचा हिशेब, हव्या असलेल्या जनुकाच्या शेजारचा तुकडा सोबत जास्त काळ टिकतो.)

अमेरिकन केनेल क्लबने 1981 मध्ये यातल्या 2 कुत्र्यांची नोंदणी केली. जातीच्या क्लबात विरोध उसळला आणि पुढच्या पिढ्यांना दारं बंद झाली. ती 2011 मध्ये उघडली. ब्रिटनच्या केनेल क्लबने आदल्याच वर्षी पाऊल उचललं होतं. मधली तीस वर्षं कुत्र्यांनी आजार सोसला तो कागदावरच्या शुद्धतेपायी, आणि तोही जेमतेम 3 टक्क्यांच्या फरकासाठी. मला यात विज्ञानाची अडचण दिसत नाही, माणसांचा हट्ट दिसतो.

याच जातीत आढळणाऱ्या बहिरेपणाचं गणित वेगळं. अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत सुमारे 22 टक्के डाल्मेशियन एका कानाने आणि 8 टक्के दोन्ही कानांनी बहिरे आढळले. म्हणजे 70 टक्के कुत्री दोन्ही कानांनी ऐकत होती. इथं जातीतल्या जातीत निवडीला वाव आहे. मात्र हा दोष एका जनुकाच्या हिशेबात बसत नाही. निळ्या डोळ्यांच्या कुत्र्यांत तो जास्त दिसतो. एका कानाने बहिरं पिल्लू घरात ओळखू येत नाही, त्यासाठी मेंदूकडे जाणारे श्रवणसंदेश मोजणारी बीएईआर चाचणीच लागते.

तेव्हा डाल्मेशियन घेणाऱ्याने आई-बाप आणि पिल्लू यांचे श्रवणचाचणीचे अहवाल मागावेत. पॉइंटर-संकराच्या वंशातलं पिल्लू म्हणून विकलं जात असेल, तर एसएलसी2ए9ची चाचणी झालीच पाहिजे. नेहमीच्या वंशावळीतलं असेल, तर त्या चाचणीवर पैसे घालवू नका, उत्तर ठरलेलं आहे. त्याला भरपूर पाणी द्या, यकृत-काळजासारखं प्युरिनयुक्त मांस टाळा आणि लघवी अडल्याची शंका आली तर सकाळची वाट न पाहता पशुवैद्याकडे न्या. बुलडॉग आणि ब्लॅक रशियन टेरियर या जातींतही हाच दोष सापडतो, पण प्रत्येक कुत्र्यात नाही. तिथं विणीआधीची चाचणी नक्की उपयोगी पडते.