माऊसच्या पोटातला सिनेमा

भाच्याच्या माऊसचं डावं बटण ऐन जुलैत बिघडलं. एकदा दाबावं तर दोनदा दाबल्यासारखं व्हायचं. फोल्डर निवडायला जावं, ते उघडूनच बसायचं. ड्रॉइंगमधली रेघ धरून ओढावी, ती अर्ध्या वाटेत सुटायची. भाचा बडोद्याला नागरवाड्यात आमच्याकडे राहून कलाभवनात, म्हणजे महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रज्ञान शाखेत शिकतो. दिवसा टेबलावर कॅडचं काम, रात्री जेवणं उरकली की त्याच टेबलावर व्हॅलोरंट हा नेमबाजीचा गेम. दोन्हीला पुरेल असा एकच माऊस हवा होता आणि खिशात दोन हजार रुपये होते. "मामा, तुम्ही चला ना बरोबर," म्हणाला, म्हणून शनिवारी संध्याकाळी आम्ही सयाजीगंजात गेलो.

दुकानदाराने काउंटरवर पाच-सहा खोकी मांडली आणि सगळ्यांत झगमगीत खोक्यावर बोट ठेवलं. "साहेब, आमां सोळ हजार डीपीआय छे." शेजारच्या साध्या खोक्यावर आठ हजार लिहिलं होतं, त्याच्या पलीकडे बत्तीसशे. भाच्याची नजर सोळा हजारांवर खिळली. मोठा आकडा म्हणजे चांगली वस्तू, हा हिशेब आपण मोबाइलच्या कॅमेऱ्यांपासून शिकलो आहोत. माऊसला तो लागू पडत नाही.

डीपीआय म्हणजे माऊस टेबलावर एक इंच सरकला की तो संगणकाला किती पावलं मोजून सांगतो, तो आकडा. ८०० डीपीआयवर एका इंचाला ८०० पावलं. साधारण पडदा १,९२० ठिपके रुंद असतो. एका पावलाला एक ठिपका धरला तर या टोकापासून त्या टोकाला जायला माऊस २.४ इंच, म्हणजे सहा सेंटिमीटर सरकवावा लागतो. मनगटाला हे सहज जमतं. आता तोच माऊस १६,००० वर ठेवा. अख्खा पडदा तीन मिलिमीटरमध्ये संपतो! बोटाची नुसती थरथर झाली तरी बाण पडद्याच्या मध्यावरून कुठल्या कुठे जाईल. मी काउंटरवरच्या पावतीच्या मागे हा गुणाकार-भागाकार करून दाखवला, तेव्हा भाचा पहिल्यांदा गप्प झाला. नेमबाजीचे गेम व्यवसाय म्हणून खेळणारे बहुतेक खेळाडू ४०० ते १,६०० च्या आतच राहतात. त्यातही गेममधला वेग इतका कमी ठेवतात की खेळातल्या पात्राला एक पूर्ण गिरकी घ्यायला माऊस तीस-चाळीस सेंटिमीटर सरकवावा लागतो. ते मनगटाने नाही, कोपरापासून हात हलवून खेळतात. शिवाय काही स्वस्त माऊसमध्ये खोक्यावरचा मोठा आकडा सेन्सरच्या खऱ्या नजरेचा नसतोच. मधली पावलं गणिताने भरून काढलेली असतात.

मग सेन्सरमध्ये पाहायचं काय? त्याची नजर किती चपळ आहे, ते.

आजच्या माऊसच्या पोटात एक इवलासा कॅमेरा असतो. शेजारचा दिवा टेबलाच्या पृष्ठभागावर तिरपा, जवळजवळ लोळता प्रकाश टाकतो. संध्याकाळचं ऊन जुन्या वाड्याच्या गिलाव्यावर तिरपं पडलं की दुपारी न दिसलेले खड्डे-उंचवटे सावल्यांमुळे उठून दिसतात. तसंच इथे, फक्त मिलिमीटरभर जागेत. कापडाचा धागा, लाकडाचं छिद्र, सनमायकाचा खडबडीतपणा या सगळ्यांच्या बारीक सावल्या पडतात आणि कॅमेरा त्यांची छायाचित्रं घेत सुटतो. चिप आधीचं चित्र आणि आताचं चित्र एकमेकांवर सरकवून पाहते: कुठे ठेवलं की दोन्ही जुळतात? जितकं सरकवावं लागलं, तितका माऊस हलला. एवढंच त्याचं गणित, पण ते सेकंदाला हजारो वेळा चालतं. चित्रही अगदी ओबडधोबड. सुरुवातीच्या सेन्सरमध्ये सोळा गुणिले सोळा, म्हणजे फक्त २५६ ठिपक्यांचं.

या चित्रांच्या ओळीवरून सिनेमा आठवतो. भाचा ज्या कलाभवनात रोज जातो, त्याच संस्थेत दादासाहेब फाळके चित्रकला आणि छायाचित्रण शिकले. टी. के. गज्जरांनी सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८९० साली उभी केलेली ती संस्था. पुढे १९१३ मध्ये फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला, तेव्हा मूकपटाचा कॅमेरा हाताने फिरवून सेकंदाला सोळाच्या आसपास चित्रं घेतली जात. एकामागून एक स्थिर चित्रं पाहिली की डोळ्याला हालचाल दिसते, हे सिनेमाचं मर्म. माऊस तेच उलट्या बाजूने वापरतो. चित्रांच्या ओळीतून तो हालचाल मोजतो. मला हे नातं सुचलं तेव्हा फार आनंद झाला. आपल्या तळहाताखाली दिवसभर एक मूकपट चालू असतो आणि तो पाहणारा प्रेक्षक फक्त एक चिप.

१९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टचा इंटेलिमाऊस एक्सप्लोरर बाजारात आला, तेव्हा त्याचा सेन्सर सेकंदाला १,५०० चित्रं घेत होता. त्याआधीही प्रकाशावर चालणारे माऊस होते, पण त्यांना रेघा आखलेलं खास पॅडच लागायचं. नवा माऊस जवळजवळ कुठल्याही टेबलावर चालू लागला आणि रबराचा गोळा काढून त्यावरचा मळ नखाने खरवडण्याचं काम आपल्या आयुष्यातून गेलं. मात्र त्या पिढीची एक अडचण होती. माऊस सेकंदाला एक मीटर या वेगाने ओढला, तर दोन चित्रांमध्ये तो पाऊण मिलिमीटरच्या आसपास पुढे जातो. कॅमेऱ्याला दिसणारी जागाच एवढीशी, त्यामुळे जुळवायला दोन्ही चित्रांत समान असं फारसं काही उरत नाही आणि चिप वाट चुकते. ते सेन्सर सेकंदाला फूट-सव्वा फुटापर्यंतचा वेगच धड सांभाळायचे. ऑफिसच्या कामाला हे पुष्कळ आहे. गेममध्ये मागे शत्रू आला म्हणून हात झटकन वळवला की हाच वेग कितीतरी पट होतो. तैवानच्या पिक्सआर्ट कंपनीचा २०१० च्या दशकातला गाजलेला ३३६० हा सेन्सर सेकंदाला २५० इंच, म्हणजे सहा मीटरहून अधिक वेगापर्यंत चुकत नाही. एवढ्या जोरात माणसाचा हात माऊस ओढतच नाही. म्हणूनच मला वाटतं की सेन्सरची शर्यत आता हाताच्या पुढे निघून गेली आहे. ‘गेमिंग’ म्हणून दीड-दोन हजारांत मिळणाऱ्या बऱ्याच माऊसमध्ये पुरेसा चांगला सेन्सर असतो. खोक्यावर डीपीआयखाली बारीक अक्षरांत आयपीएस, म्हणजे सेकंदाला किती इंच, हा आकडा असतो. वाचायचाच असेल तर तो वाचावा.

हाताच्या मर्यादेचं शास्त्र माऊसपेक्षा जुनं आहे. पॉल फिट्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये दाखवलं की लक्ष्य गाठायला लागणारा वेळ अंतर आणि लक्ष्याचा आकार यांच्या गुणोत्तरावर ठरतो. अंतर दुप्पट झालं म्हणून वेळ दुप्पट होत नाही, थोडाच वाढतो. पण लक्ष्य निम्मं केलं तरी तेवढाच वाढतो. कॅरम खेळणाऱ्याला हे न सांगता कळतं: दूरच्या पॉकेटपेक्षा जवळची पण निसटती सोंगटी हात अडवते. १९७८ मध्ये झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात स्टुअर्ट कार्ड, विल्यम इंग्लिश आणि बेट्टी बर याच नियमाने माऊस, जॉयस्टिक आणि कळा यांची तुलना करायला बसले. माऊस सरस ठरला. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्याचा वेग मोकळ्या हाताच्या वेगाच्या अगदी जवळ पोचलेला निघाला. यातला विल्यम म्हणजेच बिल इंग्लिश. डग्लस एंगलबार्टच्या कल्पनेवरून १९६४ च्या सुमारास पहिला माऊस बनवणारा तोच: लाकडी ठोकळा, खाली एकमेकांना काटकोनात दोन चाकं, वर एक बटण. १९७८ मधला माऊससुद्धा हाताच्या क्षमतेला जवळजवळ पुरून उरत होता, तर आज वाढवण्यासारखं मुख्यतः काय उरलं? हाताला तो कसा बसतो, एवढंच.

दुकानदाराला मी विनंती केली की खोकी राहू देत, माऊस बाहेर काढा. त्याने काढले, हे त्याचं चांगुलपण. भाच्याचा हात मोठा आहे, पण तळवा टेकवून धरायची त्याला सवय नाही. बोटं वाकवून, पंजासारखा माऊस पकडतो. अशा पकडीला फार उंच पाठीचा माऊस त्रास देतो. ज्यांचा पूर्ण तळवा माऊसवर टेकतो, त्यांना मात्र तीच भरीव पाठ हवीशी वाटते. झगमगीत माऊस शंभर ग्रॅमच्या पुढचा होता. दुसरा सत्तरच्या आसपास, आणि हातात घेताच फरक कळला. तीस ग्रॅम म्हणजे काय मोठं, असं वाटेल. पण नेमबाजीच्या गेममध्ये माऊस सतत उचलून परत मध्यावर ठेवावा लागतो, शेकडो वेळा. डावखुऱ्यांनी तर आधी आकारच पाहावा, कारण अंगठ्याला खाच असलेले बहुतेक माऊस फक्त उजव्या हातासाठी घडवलेले असतात.

मनगटाचा विषय माझ्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचा आहे. तळव्याच्या मुळाशी हाडांचा आणि चिवट पट्ट्याचा एक अरुंद बोगदा आहे. त्यातून बोटं वाकवणाऱ्या नऊ दोऱ्या आणि एक मुख्य नस जाते. मनगट वर वाकवून ठेवलं की बोगद्यातला दाब वाढतो आणि नस चेपते. मुंग्या येतात, रात्री हात बधिर होतो. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात माणसांच्या या बोगद्यातला दाब प्रत्यक्ष मोजला होता. हात माऊसवर नुसता ठेवण्यापेक्षा वस्तू धरून ओढताना तो बराच वाढला. तपासलेल्या तीन वेगवेगळ्या माऊसमध्ये मात्र फारसा फरक आढळला नाही. म्हणजे महागडा आकार घेऊन दुखणं टळेलच असं नाही. खुर्चीची उंची, सरळ मनगट आणि मध्ये मध्ये विश्रांती यांची जागा माऊस घेऊ शकत नाही. इथल्या व्यायामगुरू माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात बडोद्याच्या पिढ्यांनी सांधे बसवून घेतले आहेत. सांध्याची कदर हे शहर जाणतं. एका बैठकीत तीन-तीन तास खेळणाऱ्या मुलांनी ती मनगटापुरती तरी पाळावी, असं मला कळकळीने वाटतं.

वायरलेस घ्यायचा का, यावर आमचा थोडा वाद झाला. भाच्याला भीती की सिग्नल उशिरा पोचेल. साधा माऊस संगणकाला सेकंदाला १२५ वेळा खबर देतो, म्हणजे दर आठ मिलिसेकंदांनी; गेमिंगचा १,००० वेळा, दर एक मिलिसेकंदाला. आता ८,००० वेळा खबर देणारेही आलेत. आपल्या घरातला साठ हर्ट्‌झचा पडदा सुमारे सतरा मिलिसेकंदांनी एकदा बदलतो आणि डोळ्याने पाहून बोट दाबायला माणसाला दोनशेच्या आसपास मिलिसेकंद लागतात. १,००० च्या पुढचा खर्च आमच्यासाठी व्यर्थ होता. वायरलेसमध्ये ब्लूटूथच्या माऊसपेक्षा यूएसबीत खोचायच्या छोट्या रिसीव्हरचा माऊस गेमला बरा. अडचण होते ती वेगळीच. तो रिसीव्हर २.४ गिगाहर्ट्‌झवर बोलतो, शेजारपाजारचे वाय-फायही बहुधा तिथेच, आणि आमच्याकडची घरं भिंतीला भिंत लागून. त्यात यूएसबी ३ चं पोर्ट स्वतःच त्या पट्ट्यात खरखर सोडतं. इंटेलने २०१२ मध्ये हे मोजून प्रसिद्ध केलं होतं. कॅबिनेटच्या मागे खोचलेला रिसीव्हर एका छोट्या एक्स्टेन्शन वायरने टेबलावर आणला की बाण अडखळायचा थांबतो. पण दोन हजारांत आम्ही वायरचाच घेतला. चार्जिंगची कटकट नाही.

आता ते बिघडलेलं बटण. बटणाखाली तांब्याच्या मिश्रधातूची लवचीक पट्टी असते. ती टेकली की टिक्‌ होतं. पण वाड्याचं दार जोरात लोटलं की कडी चार वेळा थरथरते, तशी ही पट्टीही काही मिलिसेकंद उडत राहते. माऊसमधली चिप तेवढा वेळ डोळे मिटून घेते आणि सगळी थरथर मिळून एकच क्लिक धरते. वर्षं गेली, पट्टी थकली, विश्वामित्रीकाठच्या दमट पावसाळ्यांत संपर्कावर बारीक थर चढला की थरथर त्या मुदतीपेक्षा लांबते आणि एकाच्या दोन क्लिक होतात. गेमिंग माऊसमध्ये वेगासाठी ही मुदत मुद्दाम आखूड ठेवलेली असते, म्हणून हा दोष तिथे लवकर उघडा पडतो. यावर उपाय म्हणून ऑप्टिकल स्विच निघाले. त्यांत धातूला धातू टेकत नाही, दाबल्यावर अवरक्त किरण अडतो किंवा सुटतो. दमट हवेच्या गावात चार-पाच वर्षं वापरायची वस्तू घेताना सोळा हजार डीपीआयपेक्षा मी या स्विचला पैसे देईन, आणि तसेच दिले. सत्तर ग्रॅमचा, ऑप्टिकल स्विचचा, रंगीत दिव्यांशिवायचा माऊस आणि उरलेल्या पैशांत मोठं कापडी मॅट.

घरी आल्यावर भाच्याने माऊसचा तळ पुसला, डीपीआय ८०० वर आणलं आणि विंडोजच्या माऊस-सेटिंगमधल्या एका पर्यायापुढची खूण काढून टाकली. ती खूण असली की हात जोरात हलवल्यावर बाण जास्त लांब जातो, हळू हलवल्यावर कमी, आणि हाताला अंतराची सवय लागत नाही. मॅटवर माऊस फिरवून तो म्हणाला, "मामा, बोरिक टाकलेल्या कॅरम बोर्डावर स्ट्रायकर जातो तसा जातोय." खाली टेफ्लॉनचे चार तुकडे असतात. थांबलेली वस्तू हलवायला लागणारा जोर आणि हलती ठेवायला लागणारा जोर यांतलं अंतर ते कमी करतात, म्हणून बारीक सरकवताना माऊस अडकून मग उडी मारत नाही. बोरिक पावडरही तेच करते. रात्री दहा वाजता त्याने गेम उघडला आणि पहिल्या अर्ध्या तासात नेहमीपेक्षा वाईट खेळला, कारण सोळा वर्षांचा असल्यापासून मनगटाने खेळणारा हात आता कोपरापासून हलायचा होता. मॅट टेबलावर मावेना, म्हणून आम्ही पुस्तकं खाली पाटावर काढून ठेवली.