कामाच्या रगाड्यात ऑनलाइन मानसोपचार : सोय आणि तिची किंमत

गोव्यात दोन अनोळखी माणसे बोलायला लागली, की पाच मिनिटांत दोघांच्याही ओळखीचे कोणीतरी निघतेच. एरवी सुखावणारी ही गोष्ट मानसोपचारतज्ज्ञाच्या दवाखान्याबाहेर बाकड्यावर बसलेल्या माणसाला मात्र नकोशी होते. शेजारी कोण येऊन बसेल याचा नेम नसतो. त्यातून तो एखाद्या हॉटेलचा व्यवस्थापक, वेर्ण्याच्या औषध कारखान्यातील विभागप्रमुख किंवा रुग्णालयातील निवासी डॉक्टर असेल, तर भर आठवड्यात अर्धा दिवस काढायचा कोठून, हा दुसरा प्रश्न. भीड आणि वेळ या दोन्ही अडचणींवर ऑनलाइन मानसोपचार हे उत्तर म्हणून पुढे आले आहे. बऱ्याच अंशी ते खरे उत्तर आहे. पण ज्या सोयीमुळे ते हवेसे वाटते, तिच्यामुळेच ते कित्येकदा वाया जाते.

आधी दुखण्याविषयी. ‘बर्नआउट’ हा शब्द आता कचेऱ्यांत सर्रास ऐकू येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याचा अर्थ निश्चित करताना तीन खुणा सांगितल्या : शक्ती संपून गेल्याची भावना, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही धड होत नाही ही जाणीव. कामाच्या ठिकाणचा जो ताण दीर्घकाळ आटोक्यात आणला गेला नाही, त्याचा हा परिणाम आहे. तो आजार नव्हे, असेही संघटनेने स्पष्ट केले. हा भेद पुस्तकी नाही. चौदा तासांची पाळी हेच कारण असेल, तर समुपदेशक ती पाळी आठ तासांची करू शकत नाही. आणखी एक माणूस नेमण्यापेक्षा कर्मचाऱ्यांसाठी समुपदेशनाचे तास विकत घेणे आस्थापनांना स्वस्त पडते, हेही येथे नोंदवले पाहिजे. मात्र झोप उडणे, कशातच रस न वाटणे, सतत धास्ती वाटणे हे सुटीच्या दिवशीही चालूच राहिले, तर ते कामाच्या थकव्यापुरते उरलेले नसते. तेथे उपचार लागतात.

पडद्यावरून असे उपचार होतात का? सौम्य ते मध्यम नैराश्य आणि चिंता यांवर व्हिडिओद्वारे केलेली विचार-वर्तन उपचारपद्धती समोरासमोरच्या उपचारांच्या तोडीची ठरते, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. बोलण्यातून होणाऱ्या उपचारांना रुग्णालयाच्या भिंती लागत नाहीत, हे तर गोव्यानेच दाखवून दिले. ‘संगाथ’ या संस्थेने येथील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत केलेला प्रयोग २०१७ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. डॉक्टर नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी नैराश्याच्या रुग्णांशी सहा ते आठ बैठका केल्या आणि त्यांचा उपयोग झाला. तो प्रयोग ऑनलाइन नव्हता. पण वाट मोकळी करणारा होता.

ही सोय किती मोलाची, हे ज्यांना आपण तारवटी म्हणतो त्यांना विचारावे. सासष्टी आणि बार्देशातील कितीतरी घरांचा कर्ता माणूस क्रूझ जहाजावर असतो. सहा-नऊ महिन्यांचा करार, साप्ताहिक सुटी बहुधा नाहीच, आणि हसतमुख राहणे हा नोकरीचाच भाग. मनाचे दुखणे उघड केले, तर पुढच्या वैद्यकीय तपासणीत अडेल आणि करार हुकेल, ही धास्ती वेगळीच. खलाशांच्या हक्कांसंबंधीच्या २००६ च्या आंतरराष्ट्रीय करारातील ज्या दुरुस्त्या २३ डिसेंबर २०२४ पासून अमलात आल्या, त्यांत जहाजावर शक्य तेथे इंटरनेट उपलब्ध करून देण्याची आणि त्याचे दर वाजवी ठेवण्याची तरतूद आहे. खलाशांसाठी ‘सीफेररहेल्प’ ही मोफत, गोपनीय आणि चोवीस तास चालणारी मदतसेवाही आहे. पण केबिनमध्ये बहुधा दुसरा सहकारी झोपलेला असतो, आणि कॅरिबियन समुद्रात संध्याकाळ होते तेव्हा मडगावात पहाट व्हायची असते. म्हणजे जोडणी आली, पण बोलायला कोपरा आणि निवांत तास आला नाही.

जमिनीवरही अडते ते याच ठिकाणी. दोन खोल्यांच्या सदनिकेत सासूबाई स्वयंपाकघरात असताना नवऱ्याविषयी काय बोलणार? आवाज खाली येतो, वाक्ये अर्धी राहतात, आणि नेमकी जी गोष्ट सांगायची तीच गाळली जाते. म्हणून अनेक जण कचेरीच्या वाहनतळावर मोटारीत बसून बोलतात. हसू नये, ती काही वाईट जागा नाही.

त्याहून मोठी अडचण वेळेची आहे. चार वाजता एक बैठक संपते, पाचला दुसरी सुरू होते, मधल्या पन्नास मिनिटांत मानसोपचार. खुर्ची तीच, लॅपटॉप तोच, कोपऱ्यात येणारे संदेशही तेच. अशा वेळी माणूस समुपदेशकालाही अहवालच देतो : या आठवड्यात झोप इतकी, चिडचिड कमी, प्रगती समाधानकारक. पूर्वी दवाखान्यातून दुचाकीवरून परतताना झालेले बोलणे मनात मुरायला अर्धा तास मिळत असे. तो प्रवास कंटाळवाणा खरा, पण उपचाराचाच भाग होता. तेव्हा बैठकीच्या आधी दहा मिनिटे आणि नंतर निदान वीस मिनिटे मोकळी ठेवावीत, शक्य तर वेगळ्या जागी बसावे, आणि नंतर लगेच पडद्याकडे न वळता चार पावले चालून यावे.

शिवाय ऑनलाइन बैठक रद्द करणे फार सोपे असते. काम वाढले की पहिला बळी तिचाच. आम्ही वृत्तपत्रवाले यात आघाडीवर. रात्रपाळीत एखादी मोठी बातमी आली, की जेवण, झोप, डॉक्टरची वेळ, सगळे पुढे ढकलायची सवय अंगवळणी पडलेली. पण ‘कामापुढे मी नंतर’ हीच सवय पुष्कळदा उपचाराचा मूळ विषय असते. सलग दोनदा बैठक पुढे ढकलली गेली, तर तिसऱ्या वेळी नेमके त्याविषयीच समुपदेशकाशी बोलावे.

पलीकडे कोण आहे, हे विचारायला संकोचू नये. औषधे लिहून देऊ शकतो तो मनोविकारतज्ज्ञ. त्याची वैद्यकीय परिषदेकडे नोंदणी असते, आणि दूरसंवादातून औषधे देण्याविषयी मार्च २०२० पासून मार्गदर्शक सूचना लागू आहेत. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. ‘लाइफ कोच’ मात्र कोणालाही म्हणवून घेता येते. काही अ‍ॅपवर तर उत्तर देणारा माणूस आहे की यंत्र, हेही आधी विचारून घ्यावे लागते. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो. तरी सेवा कंपनीने पुरवली असेल, तर कंपनीकडे कोणती माहिती जाते, हे पहिल्याच बैठकीत लेखी मागावे. चांगला समुपदेशकही सुरुवातीला तुम्ही या क्षणी कोठे आहात आणि जवळच्या एका व्यक्तीचा क्रमांक कोणता, हे विचारतो. ती चौकशी खटकते, पण प्रसंग ओढवलाच, तर मदत पाठवायची कोठे हे त्यावरच ठरते.

असे प्रसंग हीच पडद्याची मर्यादा. आत्महत्येचे विचार, भास होणे, दारूचे तीव्र व्यसन किंवा घरातच मारहाण होत असेल, तर व्हिडिओवरच्या बैठकीवर विसंबून राहू नये; प्रत्यक्ष तपासणी हवी. बांबोळीची मानसोपचार आणि मानवी वर्तणूक संस्था त्यासाठीच आहे. रात्री-अपरात्री तातडीने बोलायचे असल्यास केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत मिळते.