पत्र निघाले, पण पोहोचले का?

समजा, तुमच्या शाळेने स्वतःचे टपालघर काढायचे ठरवले. विटांचे नव्हे, ई-मेलचे! त्यासाठी एक साधा संगणक, इंटरनेटची जोडणी आणि मोफत मिळणारा एखादा प्रोग्रॅम एवढे पुरते. शाळेने पालकांना सहलीची पत्रे धाडली. समोरच्या संगणकाने ‘पत्र घेतले’ असे कळवलेही. पण पालक म्हणतात, “आम्हाला काहीच मिळाले नाही!” शोध घेतला, तेव्हा पत्रे ‘स्पॅम’च्या कप्प्यात पडलेली दिसली. असे का व्हावे?

ई-मेलची ने-आण एसएमटीपी या नियमांनी चालते. जॉन पोस्टेल यांनी ते १९८२ मध्ये लिहिले. तेव्हा जाळ्यातले संगणक थोडे होते, आणि तेही बहुतेक विद्यापीठांत व संशोधनसंस्थांत. एकमेकांवर विश्वास होता. पोस्टकार्डावर पाठवणाऱ्याच्या जागी आपण कोणाचेही नाव लिहू शकतो. पोस्टमन ते तपासत नाही. एसएमटीपीचेही तसेच होते. पुढे जाळे जगभर पसरले आणि खोट्या नावांनी जाहिरातींचा व फसवणुकीचा पूर आला.

त्यावर तीन उपाय निघाले. पहिला एसपीएफ. आपल्या नावाने कोणते संगणक पत्रे पाठवू शकतात, याची यादी शाळा इंटरनेटच्या सार्वजनिक नोंदवहीत लावते. दुसरा डीकिम, म्हणजे गणिताने बनवलेली मोहोर. ती गुप्त किल्लीने उमटते आणि जाहीर किल्लीने पडताळता येते. मोहोरबंद मजकुरातील एक अक्षर जरी बदलले, तरी पडताळा चुकतो. तिसरा डीमार्क. पत्रावर दिसणारे नाव या पुराव्यांशी जुळले नाही तर पत्राचे काय करावे, हे तो सांगतो.

हे तिन्ही केले तरी पत्र अडू शकते! कारण पुरावा ‘तुम्ही कोण’ एवढेच सांगतो, ‘तुम्ही कसे’ हे सांगत नाही. लबाड माणूसही आपले खरे नाव सांगू शकतो. म्हणून मोठ्या टपालसेवा पाठवणाऱ्याची पूर्वीची वागणूक पाहतात. इंटरनेटवर प्रत्येक सर्व्हरला आयपी क्रमांक असतो. भाड्याने घेतलेला क्रमांक पूर्वी एखाद्या स्पॅमवाल्याकडे असेल, तर त्याची बदनामी शाळेच्या माथी येते. कधी शेजारच्या क्रमांकांमुळे सगळी आळीच काळ्या यादीत जाते. शिवाय छोटा सर्व्हर पत्रे पाठवतो थोडी. मग त्याची चांगली ओळख व्हावी कशी?

यात दोष कोणाचा? चाळणी काढून टाकली, तर आपल्या पेट्या कचऱ्याने भरतील. पण चाळणी फार बारीक झाली, तर प्रामाणिक छोटी टपालघरे बंद पडतील आणि सगळ्या जगाची पत्रे मोजक्या कंपन्यांच्या हाती जातील. नियम आजही सर्वांना खुले आहेत. महाग झाला आहे तो विश्वास. तो मिळवायचा तर क्रमांक वारंवार बदलू नये, पत्रे थोड्यापासून हळूहळू वाढवावीत आणि बंद पडलेले पत्ते यादीतून काढावेत.

आता एक प्रयोग करा. संगणकावर आपल्याला आलेली एखादी ई-मेल उघडून तिचे मूळ रूप पाहा. त्यात एसपीएफ, डीकिम व डीमार्क ही नावे शोधा. त्यांच्यापुढे प्रगतिपुस्तकासारखा ‘पास’ हा शेरा आहे का? मग स्पॅमच्या कप्प्यातील पत्र तसेच तपासा. तिथेही ‘पास’ दिसला, तर चकित होऊ नका. तो का दिसला, हे आता तुम्हीच वर्गाला समजावून सांगा!