संगणकाची कार्यप्रणाली : कोणासाठी कोणती?

संगणक घेताना आपण यंत्राची चौकशी पुष्कळ करतो. त्याच्या कार्यप्रणालीची, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमची, क्वचितच. कळफलक, पडदा, छपाईयंत्र आणि लेखनाची साधने यांचा मेळ घालून यंत्राकडून काम करवून घेणारी व्यवस्था म्हणजे कार्यप्रणाली. विंडोज, लिनक्स, मॅक ही तिची परिचित रूपे. यांत श्रेष्ठ कोणती, हा वाद मला निरर्थक वाटतो. ती कोणाच्या हाती जावयाची आहे, हे आधी ठरले पाहिजे.

हा प्रश्न आता आपल्या दारी आला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सर्वसाधारण आधार थांबविला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था लागते. ती नसलेली धडधाकट यंत्रेही त्यामुळे कचेऱ्यांतून निवृत्त होऊ लागली. पुण्या-हैदराबादेस स्थिरावलेल्या एखाद्या माजी विद्यार्थ्याने असे यंत्र गावच्या शाळेस दिले, तर त्यावर कोणती प्रणाली घालावी?

शाळेसाठी माझा कौल लिनक्सला आहे. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली तिचा गाभा सिद्ध केला. तिच्या बहुतेक आवृत्त्यांना परवाना-शुल्क नाही, आणि हलक्या आवृत्त्या जुन्या यंत्रावरही सुखाने चालतात. सी-डॅकने भारतीय भाषांची सोय करून 'बॉस' ही आवृत्ती तयार केली. केरळने २००१ साली शालेय संगणक-शिक्षणाचा प्रकल्प आरंभिला आणि पुढे तो मुक्त प्रणालीवर नेला. मात्र तेथे शिक्षकांना शिकविण्याचे कष्टही घेतले गेले. ते कष्ट घ्यावयाचे नसतील, तर फुकटची प्रणाली कोपऱ्यात धूळ खात पडेल.

दुबलगुंडीच्या परिसरात आणखी एक गोष्ट पाहावी लागते : भाषा. येथील मूल मराठी, कानडी आणि उर्दू ऐकतच वाढते. जवळच्याच हुमनाबादच्या माणिकप्रभूंनी अनेक भाषांत पदे रचली, ती काही उगीच नव्हेत! अशा मुलाला इन्स्क्रिप्ट कळफलक शिकवावा. त्यात देवनागरी 'क' ज्या कळीवर, त्याच कळीवर कानडी 'क'. एका लिपीत बसलेला हात दुसरीतही चालतो. ही सोय विंडोज आणि लिनक्स या दोहोंत आहे.

मुद्रणाचा व्यवसाय करणाऱ्याची गोष्ट निराळी. १९९० च्या दशकातील अनेक मराठी टंकांत रोमन अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसविलेले असत. तो टंक नसलेल्या यंत्रावर तोच मजकूर केवळ रोमन अक्षरांची खिचडी दिसतो. ज्याच्यापाशी अशा धारिकांचा जुना साठा आहे, त्याने तो युनिकोडात रूपांतरित होईपर्यंत विंडोज सोडू नये. दृष्टिहीन वाचकाने 'एनव्हीडीए' हे पडदा वाचून दाखविणारे मोफत साधन पाहावे. ते विंडोजवर चालते. लिनक्सवर त्यासाठी 'ऑर्का' आहे. दोन्ही ऐकून, त्यांतील मराठी उच्चार ज्याला समजतील त्यानेच निर्णय करावा. डोळस मंडळींनी परस्पर करू नये.

मराठी लिहिणाऱ्याने मात्र कोणत्याही यंत्रावर 'दर्या' आणि 'दऱ्या' हे दोन शब्द आधी टंकून पाहावेत. एकात समुद्र, दुसऱ्यात डोंगरामधील खोलगट भाग. ज्या प्रणालीत हा भेद उमटत नाही, ती मराठीच्या कामाची नाही. 'ॲ' हे अक्षरही तपासावे. त्याला युनिकोडात स्वतंत्र स्थान २००८ साली मिळाले. त्याआधीच्या प्रणालींत तेथे रिकामी चौकट दिसण्याचा संभव असतो.

शाळेस यंत्र देऊ इच्छिणाऱ्यांना एक सूचना. लिनक्सच्या अनेक आवृत्त्या पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहता येतात. यंत्रातील मजकुरास धक्का लागत नाही. तेवढ्या वेळात ध्वनी, छपाईयंत्र आणि तिन्ही लिप्या तपासाव्यात, आणि मगच यंत्र गावी पाठवावे.